पाणी दाखवलेली पकड

आमच्या दवाखान्यात दिवसभर सगळ्यात जास्त ऐकू येणारे शब्द म्हणजे "पाणी दाखव." घरोघरी हे शब्द आहेतच. ताट घासूनपुसून फळीवर ठेवलेलं असतं, पाहुणा आला की ते काढून नळाखाली एकदा धरायचं. झालं पाणी दाखवून. धूळ जाते, पाहुण्यालाही बरं वाटतं. ताटाला तेवढं पुरतं. दात उपटायच्या पकडीला पुरत नाही. हे कळायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. पण माझी झालेली आहे, तीही सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन, प्रथम श्रेणीत, म्हणून अधिकारानं सांगते. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी चढला तो एकटा माझा बाप, आणि तोही डोक्यावर विटा घेऊन, कारण तेव्हा कॉलेजचा वरचा मजला चढत होता.

ज्या आठवड्याचं मी सांगते आहे त्या आठवड्यात याच बापाची दाढ आमच्या खुर्चीत निघायची होती. बापाला साखरेचा आजार. आणि दवाखान्यातली अवजारं आठ दिवसांपासून नुसतं पाणी पाहत होती.

आधी दवाखाना सांगते. चिखलीत, दोन गाळ्यांचा एक केलेला. मी तिथे मदतनीस, उंद्रीहून रोज एसटीनं जाते. डॉक्टर इथलेच, पण शिकले पुण्याला, आणि येताना पदवीसोबत पुण्याची सजावटही घेऊन आले. आत शिरलं की बैठकीची खोली. छताखाली दुसरं छत, त्यात निळे दिवे. एका भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत लावलेलं. आमच्या भागात खरं गवत उन्हाळ्यात दिसत नाही, त्यामुळे लोक त्याला हात लावून बघतात. एका म्हाताऱ्यानं तर "हे कोणत्या ढोराले चारता?" असं विचारलं होतं. कोपऱ्यात माशांची पेटी. सोफा इतका मऊ, की बसलेल्या माणसाचे गुडघे कानाला टेकतात आणि उठवायला दुसरा माणूस लागतो. वयस्कर लोक शहाणे. ते चपला बाहेर काढतात आणि सरळ फरशीवर बसतात.

त्यापुढे खुर्चीची खोली. खुर्ची फार देखणी आहे, बटण दाबलं की झोपते, दुसरं दाबलं की उठते. पहिल्यांदा आलेला माणूस तिच्यावर आडवा बसतो किंवा मांडी घालतो. बाजूला चूळ टाकायचं पांढरं भांडं, त्यात आपोआप पाणी फिरतं. एक आजोबा त्यात हात-तोंड खळखळून धुऊन, धोतराच्या सोग्याला पुसून "झालं ना, निघू?" म्हणाले होते. समोर काचेचं कपाट, आत जांभळा दिवा. त्या दिव्याचं काम एवढंच, की आधी निर्जंतुक केलेलं अवजार आत तसंच राहावं. घाण अवजार ठेवलं तर ते जांभळं दिसतं, बाकी काही होत नाही. पण रोग्यांचा त्या कपाटावर देवघराइतका विश्वास. आत येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघतो, मग खुर्चीत बसतो.

आणि तिसरी जागा जिन्याखाली. दारावर पितळी पाटी आहे, "निर्जंतुकीकरण कक्ष." पाटी दारापेक्षा भारी आहे. आत वाकूनच शिरावं लागतं. तिथे झाडू, फिनाईल, गणपतीच्या आराशीचं थर्माकोल, एक बेसिन, चहाची एका चुलीची गॅसशेगडी, आणि या सगळ्यांच्या मधे बिचारं ऑटोक्लेव्ह. म्हणजे वाफेच्या दाबावर अवजारं निर्जंतुक करायचं, विजेवर चालणारं ॲल्युमिनियमचं मोठं भांडं. झाकणाला चारी बाजूंनी पेच, वर दाबाचा काटा, आणि झाकणाच्या खाली जाड रबराची रिंग. दवाखान्यात त्याला कोणी ऑटोक्लेव्ह म्हणत नाही. सगळे कुकर म्हणतात. या कुकर शब्दानंच पुढे घात केला.

रोज सकाळी साडेनऊला मी कुलूप काढते. आधी बाहेर ठेवलेल्या कॉम्प्रेसरचा खालचा नळ उघडायचा, रात्रभर साचलेलं पाणी फुस्सकन बाहेर जाऊ द्यायचं, नाहीतर दात कोरायच्या यंत्रात हवेऐवजी गंजाचं पाणी येतं. मग खुर्चीच्या नळ्यांतून दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं. मग थुंकी ओढायच्या नळीची जाळी काढायची. ती जाळी म्हणजे आमच्या तालुक्याचा आरसा. सुपारीचे तुकडे, खर्ऱ्याचा चोथा, तंबाखू, एकदा तर बाभळीची काटकी निघाली होती. माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत खर्रा चघळत येतो आणि आत येऊन सांगतो, "मी तं सुपारीलेही हात लावत नाही, डॉक्टर." त्याची साक्ष माझ्या जाळीत अडकलेली असते.

नंतर खुर्ची पुसायची, दिव्याच्या मुठीला प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळायची, ग्लास बदलायचे, यंत्राला तेलाचे दोन थेंब. ऑटोक्लेव्हमध्ये बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं, जे बॅटरीच्या दुकानात मिळतं. आमच्या बोअरचं पाणी घातलं तर आठ दिवसांत तळाला चुन्याची पोळी जमते. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुला फार माहिती." मी म्हटलं, "हाव, शिकली ना." त्यावर त्यांनी मला भाषा शिकवली. "'हाव' नाही, 'हो' म्हणायचं. 'मले' नाही, 'मला.' पेशंटसमोर आपली इमेज जाते."

इमेज जाऊ नये म्हणून मी "हो" म्हणायला लागले. अवजारांबद्दल मात्र इमेजला काहीच वाटत नव्हतं.

रिंग फुटली ती एकादशीमुळे. दवाखाना बंद होता. डॉक्टरांचं घर वरच्या मजल्यावर आणि त्यांच्या आईंकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, शेगावला दर्शनाला निघालेले वीस-बावीस पाहुणे उतरलेले. सगळ्यांचा उपवास. घरच्या कुकरात एवढी रताळी मावेनात. काकूंना आठवलं, खाली भला मोठा कुकर रिकामा पडलेला आहे. त्यांनी रताळी उकडली. खरं सांगायचं तर त्यात वाईट काही झालं नाही. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात नीट निर्जंतुक झालेली एकमेव वस्तू म्हणजे ती रताळी.

पुढचं मात्र फक्त आमच्याकडची बाईच करू शकते. कुकरची रिंग सैल झाली, वाफ धरेना, की आमच्या घराघरांत ती धुऊन फ्रीजरमध्ये ठेवतात. गारठून आवळते आणि पुढचा भात होतो. काकूंनाही झाकणाच्या कडेनं वाफ सुटताना दिसली. त्यांनी मायेनं रिंग काढली, घासली, आणि बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मी रिंग शोध शोध शोधली. काकू वरून दगडासारखी ताठ झालेली रिंग घेऊन आल्या.

"हे घे व बाई. मस्त आवळली. आता पाह्य कशी वाफ धरते."

रबर जुनं होतं. मी झाकण ठेवलं, पेच आवळले, आणि रिंग दोन ठिकाणी टचकन तडकली. तशीच लावून पाहिली. वाफ सगळ्या जिन्याखालच्या खोलीत. थर्माकोलचं मखर ओलं झालं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अकोल्याच्या दुकानात फोन करतो." दुपारी विचारलं तर म्हणाले, "करतो ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी माशांच्या पेटीसाठी फोन केला, कारण एक मासा वाकडा पोहत होता, त्यासाठी खामगावहून माणूस आला. रिंगेसाठी कोणी आलं नाही.

"तोपर्यंत काय करू, सर?"

"स्पिरिटनं पूस, पाणी दाखव, जांभळ्या कपाटात ठेव."

"सर, तेवढ्यानं जंतू मरत नाहीत. रक्तातून येणारे..."

"तू डॉक्टर आहेस की मी?"

मनात आलं ते बोलले असते तर बरं झालं असतं. 'मले' चालत नाही आणि 'पाणी दाखव' चालतं, हे कोणत्या पुण्यातलं? त्याऐवजी मी फडकं घेतलं. पकड पुसली, पाणी दाखवलं, जांभळी केली. सुई तेवढी प्रत्येकाला नवी असायची, त्यावर मी मनाची समजूत घालायचे. आठ दिवस. किती तोंडं, ते मी मोजलं नाही. न मोजणं सोयीचं होतं.

त्या आठ दिवसांतच बापाचा गाल सुजला. बाप तसा दुखण्याला दाद देणारा नाही. लवंग धरली, तंबाखूची मिश्री धरली, शेवटी एका बाजूनं भाकर चावणं बंद झालं तेव्हा बोलला.

"तुह्या डॉक्टरले विचार बरं, दाढ काढते का म्हणून. पोरगी दाताच्या दवाखान्यात अन् बापाची दाढ सडून राह्यली, लोक काय म्हणतीन."

मी विचारलं. डॉक्टर एकदम मोठ्या मनानं म्हणाले, "गुरुवारी आण. तुझ्या वडिलांकडून एक रुपया घेणार नाही." साखर तपासली, ताब्यात होती. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. आणि मी बुधवारी संध्याकाळी चुलीपुढे बसून विचार करत होते, की उद्या माझ्या हातानं पाणी दाखवलेली पकड माझ्याच बापाच्या तोंडात जाणार. साखरेच्या माणसाची जखम कशी चिघळते, ते मी परीक्षेत पूर्ण गुणांचं लिहिलेलं आहे.

तेव्हा फळीवरचा कुकर दिसला.

हा कुकर साधा नाही. मी पदवीधर झाले तेव्हा आमच्या वस्तीनं विहारात माझा सत्कार केला. माझ्या आधीच्या वर्षी एक मुलगा पदवीधर झाला, त्याला मनगटी घड्याळ दिलं होतं. मला साडेसात लिटरचा कुकर दिला. पोरगा पास झाला तर त्यानं वेळ बघावी, पोरगी पास झाली तर तिनं डाळ बघावी. भाषणात म्हणाले, "आमच्या लेकीनं विज्ञानात नाव काढलं." आणि ते नाव कुकरवर काढून दिलं. भांड्यावर नाव टाकणारा बाजारात बसतो, त्याच्या यंत्राचा आवाज हुबेहूब आमच्या दात कोरायच्या यंत्रासारखा आहे. त्यानं घाईत लिहिलं, "बी.एसटी. उत्तीर्ण झाल्याबद्दल सप्रेम भेट." तेव्हापासून मोहल्ल्यातली पोरं मला विचारतात, "ताई, बी.एसटी.ची परीक्षा स्टँडवर होते का डेपोत?"

पण कुकर कुकर असतो. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं ऑटोक्लेव्ह बिघडलं होतं तेव्हा आमच्या मॅडमनी त्यांच्या घरचा कुकर आणला होता. दाब तोच, वाफ तीच. शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवायचं, अवजारं पाण्यात बुडू द्यायची नाहीत, वर जाळीवर ठेवायची. एवढं सांभाळलं तर पकडीला कळतही नाही, की ती कुणाच्या स्वयंपाकघरात आहे.

सकाळी मी कुकर पिशवीत घातला. आईनं वाट अडवली.

"कुठी चालली कुकर घेऊन?"

"दवाखान्यात. बाबांची दाढ काढायची पकड शिजवायची आहे."

आईनं बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "जाऊ दे व. शिकलेली आहे ते. काही तरी असन."

बसमध्ये मी, मांडीवर कुकर, शेजारी बाप, गालाला रुमाल. कंडक्टरनं शिट्टी पाहिली आणि म्हणाला, "काय बाई, जेवण चालू गाडीत करता का?" बापानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पोरीच्या दवाखान्यात चालला तो. ड्यूटीवर." अख्खी गाडी हसली. बापही हसला, आणि लगेच गाल धरला.

डॉक्टर अकराला खाली येतात. मी दहालाच जिन्याखाली शेगडी पेटवली. पकड, आणि दाढ सैल करायचं दांडीवालं अवजार, दोन्ही साबणानं घासून, ब्रश मारून, स्वच्छ फडक्यात बांधून जाळीवर ठेवलं. शिट्टी वाजली. बैठकीत तोवर सात-आठ जण बसले होते. काही सोफ्यात रुतलेले, बाकीचे खाली फरशीवर. दाताच्या दवाखान्यात कुकरची शिट्टी म्हणजे मोठंच नवल.

"डाळ हाय का भात?" एकानं विचारलं.

"वास तं काही येऊन नाही राह्यला," दुसरा म्हणाला.

"उपासाचं असन."

डॉक्टर आले, नाक वर करून वास घेतला आणि खुर्चीच्या खोलीत गेले. बहुतेक वर काकू काहीतरी उकडताहेत असं त्यांना वाटलं असावं. अर्धा तास झाला, मी गॅस बंद केला, वाफ आपोआप निवू दिली. आणि अजून कुणाला काही कळलेलं नाही याचं मला फार समाधान वाटत होतं. आपल्या बापाचं काम चोख झालं, डॉक्टरांची इमेजही शाबूत. असं दोन्हीकडून शहाणं असल्याचा आनंद मी साधारण दहा मिनिटं उपभोगला.

माझ्या बापाला गुपित ठेवता येत नाही, आणि अभिमान तर मुळीच नाही. खुर्चीची खोली आणि बैठक यांच्यामधे नुसता पडदा आहे. बाप खुर्चीत आडवा झाला. डॉक्टरांनी सुई दिली. जीभ जड व्हायच्या आत बापाला बोलून घ्यायचं होतं.

"डॉक्टरसाहेब, तुमचं लय नशीब, अशी पोरगी भेटली तुम्हाले. माह्यासाठी घरून कुकर घेऊन आली. मांडीवर घेऊन. पकड शिजवली, अर्धा तास!"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी फडक्याची गाठ सोडायला लागले. आणि पडद्यापलीकडून एका बाईचा आवाज आला. तिला मी ओळखत होते. मेहकरकडची, पन्नाशीची, गेल्या गुरुवारी तिची दाढ काढली होती, आज टाका काढायला आली होती.

"काय म्हनता? त्याईच्यासाठी घरून कुकर आनला?" ती पडदा बाजूला सारून उभीच राहिली. "मंग आमच्यासाठी कोनाच्या घरून आनला होता?"

बैठकीतली माणसं सोफ्यातून उठायला लागली, जे सोपं नाही.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, इथं सगळं अत्याधुनिक आहे. ते जांभळं कपाट..."

"कपाट राहू द्या. मांगच्या गुरुवारी माही दाढ काढली तवा पकड शिजवली होती का नव्हती?" हे तिनं डॉक्टरांना विचारलंच नाही. मला विचारलं. ताट कुणी धुतलं ते बायका घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारत नाहीत.

डॉक्टरांनी मान किंचित हलवली. 'हो म्हण' अशी. एका "हो"नं सगळं मिटलं असतं, आणि "हो" म्हणायला तर त्यांनीच मला शिकवलं होतं.

"नव्हती," मी म्हटलं. "पाणी दाखवलं होतं."

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणता येणार नाही. कुणी ओरडलं नाही. ती बाई थंडपणे म्हणाली, "आमच्या घरी ढोराच्या घमेल्यालेही राख लावते आम्ही. अन् मानसाच्या तोंडात घालाच्या सांडशीले नुसतं पानी?" दारातला एक माणूस चपला घालून निघून गेला. दुसरा म्हणाला, "मी बसतो. मले त्या कुकरातलीच पकड पाह्यजे." हे ऐकून आणखी तिघे म्हणाले, "आम्हालेही."

बापाची जीभ तोवर अर्धी बधिर झालेली. तो खुर्चीतूनच माझ्याकडे बघत होता. अभिमान तोंडावरून उतरून गेला होता.

"बाई," तो जड जिभेनं म्हणाला, "माह्यासाठीच काऊन आनला मंग? आठ दिवसांपासून तुले मालूम होतं ना?"

बी.एस्सी.त या प्रश्नाला गुण नव्हते. डॉक्टरांना मी सांगितलं होतं, ते ऐकत नव्हते, हे सगळं खरं होतं. आणि घरच्या फळीवर कुकर आठही दिवस होता, हेही खरं होतं.  मी पकड डॉक्टरांपुढे धरली, तेव्हा बापानं तोंड उघडलं आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी दाढ काढली. हात चांगला आहे त्यांचा, ते मान्य करायला हवं. चार मिनिटांत निघाली. बापानं ती कागदात बांधून खिशात ठेवली. मला दाखवली नाही.

अकोल्याला फोन त्याच वेळी झाला, पडद्याआड, हळू आवाजात. आठ दिवस न मिळणारी रिंग दुपारच्या एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून साडेचारला चिखलीत उतरली. तोवर मी बी.एसटी. कुकरात तीन वेळा अवजारं लावली. सोफ्यावर कुणी बसलं नाही. सगळे जिन्याखालच्या दाराशी उभे राहून शिट्टीची वाट बघत होते, आणि पाटी पहिल्यांदाच कुणीतरी वाचली. टाका काढायला आलेली बाई शेवटपर्यंत थांबली. तिचा जबडा ठीक होता. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "ठीक हाय, ते माह्यं नशीब. तुमचं काही नाही त्यात." मी हो म्हटलं. हाव म्हणायचं धाडस झालं नाही.

डॉक्टरांनी मला काढलं नाही. काढायचं म्हटलं तर ऑटोक्लेव्ह लावणार कोण? त्याऐवजी ते मला मॅडम म्हणायला लागले. "मॅडम, झालं का तुमचं शिजवून?" मी म्हणते, "अर्धा तास, सर." "लवकर नाही होत?" "जंतूंना विचारून सांगते." बैठकीत आता एक चौकट लावली आहे, "येथे प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक अवजारे वापरली जातात." ती प्लॅस्टिकच्या गवतावरच लावली आहे. पण खरी आहे, आणि खरी ठेवायचं काम माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी एखाद्या पकडीला नुसतं पाणी दाखवायला सांगितलं, तर मी ती बैठकीतून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून, हातात धरून जिन्याखाली नेते. दोनदा नेली. तिसऱ्यांदा सांगितलंच नाही.

बापाची जखम आठ दिवसांत भरली. त्या आठ दिवसांत तो माझ्याशी बोलला कामापुरतं. नवव्या दिवशी भाकर दोन्ही बाजूंनी चावत म्हणाला, "त्या मेहकरच्या बाईले पुन्हा इचारजो बरं, दुखते का म्हणून." मी विचारलं होतं. फोन करून. इतरांनाही केले, रजिस्टरमधून नंबर काढून. एक जण म्हणाला, "एवढी चौकशी? फुकट हाय का?"

राहिला कुकर. तो घरी नेला तर आईनं उंबऱ्यातच अडवला. "त्यात लोकायच्या दाताच्या सांडश्या शिजल्या. मी त्यात दाळ लावू?" मी तिला समजावलं, की या गावात याच्याइतकं स्वच्छ भांडं दुसरं नाही, एकशे एकवीस अंशांवर अर्धा तास, एक जंतू जिवंत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. पानी तरी दाखवून आनलं का?"

कुकर परत दवाखान्यात गेला. तो आता जिन्याखाली ऑटोक्लेव्हच्या शेजारी असतो, वीज गेली की कामाला येतो. काकूंना तो फार आवडला आहे. एकादशी जवळ आली की वरून हाक येते, "तो बी.एसटी.वाला कुकर दे व बाई, रताळी उकडतो."

मी देते. आणि आदल्या संध्याकाळी निघताना ऑटोक्लेव्हची रिंग काढून पर्समध्ये घालून उंद्रीला घेऊन जाते.